जवारीच्या कामासाठी मास्टोडॉन आणि ब्लूस्काय: कारागिराचे परीक्षण

तानपुऱ्यावर नाव असते ते घडवणाऱ्याचे किंवा विकणाऱ्या दुकानाचे. पंधरा-वीस वर्षांच्या रियाझाने घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारांच्या खाचा पडल्यावर ज्याने कानस फिरवून पुन्हा जवारी (तारेचा नाद फुलावा म्हणून घोडीला दिलेला बारीक उतार) काढली, त्याचे नाव त्या वाद्यावर कुठेही येत नाही, आणि येऊ नये असाच आमच्याकडचा शिरस्ता आहे. मी सांगलीत राहतो आणि मिरजेत गेली 17 वर्षे सतारी-तानपुऱ्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. ज्यांच्याकडे हे काम शिकलो ते चाचा आजही बजावतात, "दुसऱ्याच्या वाद्यात आपली चिठ्ठी टाकायची नाही." मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी 2024 मध्ये आली तेव्हा गल्लीत सर्वांना आनंद झाला, मलाही झाला, पण ते मानांकन वाद्याचे आहे, दुरुस्ती करणाऱ्याचे नाही. त्यामुळे हल्ली ज्याला पर्सनल ब्रँड म्हणतात तो आमच्यासारख्याने उभा करायचा तर वाद्याबाहेरच करावा लागतो. त्यासाठी मी नोव्हेंबर 2022 पासून मास्टोडॉन आणि 2024 च्या उन्हाळ्यापासून ब्लूस्काय ही दोन समाजमाध्यमे नियमित वापरत आहे.

त्याआधी फोटो-व्हिडिओंच्या एका मोठ्या माध्यमावर माझे खाते होते. एके सकाळी ते बंद झालेले दिसले. नियमभंग झाल्याचे कळवले होते, कोणता नियम ते कळवले नव्हते, आणि तीन वेळा अर्ज करूनही उत्तर आले नाही. घोडीसाठी वापरलेल्या उंटाच्या हाडाचे फोटो यंत्राला खटकले असावेत, असा माझा आपला तर्क. चार वर्षांत जमवलेली ओळख त्यात गेली. विकेंद्रित, म्हणजे एकाच कंपनीच्या ताब्यात न राहण्यासाठी रचलेल्या माध्यमांकडे मी कोणत्या तत्त्वासाठी वळलो नाही. आपले नाव दुसऱ्याच्या वहीत लिहून ठेवले की काय होते हे एकदा भोगले, म्हणून वळलो.

मास्टोडॉन हे जर्मनीतील युजेन रोख्को यांनी 2016 मध्ये सुरू केलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते कोणीही स्वतःच्या सर्व्हरवर बसवू शकतो, आणि अ‍ॅक्टिव्हिटीपब या प्रमाणित पद्धतीमुळे, जिला वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी 2018 मध्ये मान्यता दिली, एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करू शकतो. आपल्या भागातील वाचकाला ही रचना गावोगावच्या पतसंस्थांवरून चटकन उमगेल. प्रत्येकीचे संचालक वेगळे आणि पोटनियम वेगळे असतात, आणि ठेव ठेवण्याआधी संस्था कोण चालवते हे पाहावे लागते.

हे शेवटचे मी पाहिले नाही. संगीतप्रेमींच्या एका छोट्या सर्व्हरवर मी खाते उघडले आणि तो चालवणाऱ्या गृहस्थांनी खर्च झेपेना म्हणून 2024 मध्ये तीन आठवड्यांच्या सूचनेवर तो बंद केला. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीतील सर्व्हरांनी बंद होण्यापूर्वी किमान 3 महिने आधी कळवण्याचे मान्य केलेले असते. माझा सर्व्हर त्या यादीत नव्हता, ही चूक माझीच. खाते हलवण्याची सोय मात्र खरोखर चालते. नव्या सर्व्हरवर खाते उघडून तिथे जुन्या खात्याचा पत्ता नोंदवायचा आणि मग जुन्या खात्यातून स्थलांतर सुरू करायचे, की फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे येऊ लागतात. माझ्या 640 फॉलोअरांपैकी 600 हून अधिक दोन दिवसांत आले. जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत. त्यांचा संग्रह उतरवून घेता येतो, पण नव्या खात्यात चढवता येत नाही. माझ्या मते ही या माध्यमाची सर्वांत मोठी उणीव आहे, कारण कारागीर कसा आहे हे त्याचे फॉलोअर मोजून कळत नाही, त्याची आधीची कामे ऐकून कळते.

ऐकून, असे मी मुद्दाम म्हणतो. मास्टोडॉनवर व्हिडिओ न करता नुसता आवाज चढवता येतो, आणि माझ्या धंद्याला हीच सोय हवी होती. दुरुस्तीआधीची आणि नंतरची घोडी फोटोत जवळजवळ सारखीच दिसते. फरक कळतो तो खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून स्वयंभू गांधार (वेगळा न छेडता आपोआप ऐकू येणारा गांधार) स्वच्छ उमटतो की नाही आणि नाद किती वेळ फुलत राहतो यावरून. मी प्रत्येक कामाच्या दोन ध्वनिफिती टाकतो, एक वाद्य आले त्या दिवशीची आणि एक परत करण्याच्या आदल्या दिवशीची, आणि सोबत जवारी खुली ठेवली की बंद, तारेखालचे सूत (नाद खुलवण्यासाठी घोडीवर तारेखाली सरकवलेला धागा) कुठे बसले, काम पावसाळी हवेत झाले की उन्हाळ्यात, हे लिहितो. बहुतेक सर्व्हरांवर पोस्टला 500 अक्षरांची मुभा असल्याने ते सगळे मावते. रॉटरडॅममध्ये धृपद शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने अशाच दोन फिती ऐकून विचारले की पंचमाची तार दुरुस्तीनंतरही किंचित कोरडी का वाटते. त्याचे बरोबर होते, घोडीची ती बाजू मी घाईत उरकली होती. पुढे आपल्या तानपुऱ्याची घोडी त्याने माझ्याकडेच पाठवली.

फोटोसोबत त्याचे शब्दांत वर्णन लिहिण्याची तिथली रीतही मला आधी जाचक वाटली होती. न पाहू शकणाऱ्या वाचकांसाठी ती असते, आणि वर्णन नसलेला फोटो पुढे पाठवायला अनेक जण तयार नसतात. पण मंगळवेढ्याकडून आलेल्या भोपळ्याची जाडी, रंग आणि त्यावरचा डाग हे शब्दांत मांडता मांडता मला ग्राहकाला फोनवर वाद्याची अवस्था समजावून सांगण्याची सवय लागली, जी पूर्वी अजिबात नव्हती.

तिथे कोणाला पोस्ट आवडली म्हणून ती अधिक लोकांपर्यंत जात नाही; कोणी ती बूस्ट केली, म्हणजे आपल्या फॉलोअरांकडे पाठवली, तरच पुढे जाते. जाहिराती नाहीत, आणि पैसे भरून पोस्ट वर आणण्याची सोयही नाही. ज्याला महिन्याभरात नाव हवे आहे त्याने तिकडे फिरकू नये. शिवाय निव्वळ विक्रीची खाती अनेक सर्व्हरांना चालत नाहीत, तेव्हा नियम आधी वाचावेत. भाषेची सोय मात्र उत्तम आहे. प्रत्येक पोस्टला ती कोणत्या भाषेत आहे याची खूण करता येते आणि फॉलोअरला एखाद्या खात्यावरील हव्या त्याच भाषेतील पोस्ट निवडता येतात. त्यामुळे मी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत एकाच खात्यावरून लिहितो.

ब्लूस्कायची गोष्ट निराळी आहे. 2019 मध्ये ट्विटरच्या छत्राखाली योजलेले आणि पुढे स्वतंत्र कंपनी झालेले हे माध्यम फेब्रुवारी 2024 मध्ये निमंत्रणाशिवाय सर्वांना खुले झाले. त्याची एक गोष्ट मला फार आवडली: आपल्या मालकीचे डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) हेच तिथे आपले नाव होऊ शकते. डोमेनच्या नोंदीत एक ओळ भरली की काम झाले, वेगळे पैसे पडत नाहीत. डोमेनलाच मला वर्षाला आठशेच्या आसपास रुपये पडतात. मास्टोडॉनवरही आपल्या संकेतस्थळाचा दुवा तपासून हिरवा करता येतो, पण खात्याच्या नावात सर्व्हरचे नाव राहतेच. दुसरी गोष्ट मोजणीची. ब्लूस्कायची मर्यादा 300 अक्षरांची आहे, पण ती आपण ज्याला अक्षर म्हणतो तशीच मोजली जाते, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे धरले जात नाहीत. 'सांगली' तिथे तीन अक्षरांची भरते, जिथे संगणकाच्या कच्च्या मोजणीत ती सहा खुणांची होते. मराठीत लिहिणाऱ्याला हा फरक बराच जाणवतो.

पण नुसता आवाज तिथे टाकता येत नाही. प्रत्येक फितीला एखादे स्थिर चित्र जोडून व्हिडिओ करावा लागतो, आणि तो 3 मिनिटांच्या आत बसवावा लागतो. शिवाय बहुसंख्य खाती आजही कंपनीच्याच सर्व्हरांवर आहेत, म्हणजे विकेंद्रीकरण रचनेत असले तरी वापरात थोडेच उतरले आहे. गर्दी, गप्पा आणि ओळखी ब्लूस्कायवर लवकर होतात, हे मान्य केले पाहिजे. मास्टोडॉनवर वर्षभरात जेवढी माणसे भेटली तेवढी तिथे चार महिन्यांत भेटली, मात्र त्यांतल्या कोणी जवारीबद्दल दुसरा प्रश्न विचारल्याचे आठवत नाही.

ग्राहकांचे म्हणाल, तर सांगली, कोल्हापूर आणि पुण्याचे गायक या दोन्हींवर जवळजवळ नाहीत. त्यांचे काम पूर्वीप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅपवर आणि एकमेकांच्या सांगण्यावरून येते. मास्टोडॉनवरून मला तीन वर्षांत 11 वाद्यांचे काम मिळाले, ब्लूस्कायवरून 2. दराची बोलणी दोन्हीकडे करू नयेत. मास्टोडॉनवरचा खासगी निरोप सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येणे शक्य असते, आणि त्यात तिसऱ्याच्या खात्याचा उल्लेख केला तर तो निरोप त्यालाही पोहोचतो. एका सतारीबद्दल बोलताना मी तिच्या विक्रेत्याचा असाच उल्लेख केला होता. पुढचे दोन महिने त्या दुकानातून एकही वाद्य माझ्याकडे आले नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्या कारागिराने आधी डोमेन घ्यावे, मग अधिकृत यादीतील सर्व्हर पाहून मास्टोडॉनवर खाते उघडावे, आणि दर आठवड्याला आपला संग्रह उतरवून ठेवावा. मी हे उशिरा शिकलो. बंद पडलेल्या सर्व्हरवरच्या माझ्या पहिल्या 19 महिन्यांच्या फिती संगणकात आहेत, पण त्या कोणाला ऐकू येत नाहीत. म्हणून दर रविवारी त्यातली एक जोडी मूळ तारखेसह नव्या खात्यावर पुन्हा टाकतो. सध्या 2023 चा पावसाळा चालू आहे.