गार्डियनचं 'क्विक क्रिप्टिक': शिकायला उत्तम, मुक्कामाला नाही

इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोड्यात प्रत्येक क्लूमध्ये उत्तराचा अर्थ (व्याख्या) आणि अक्षरांची एखादी कसरत दोन्ही दडवलेली असतात. असं कोडं हातात घेऊन अर्ध्या तासात बाजूला ठेवणाऱ्यांचा समज असा असतो की आपलं इंग्रजी तोकडं पडलं. खरं तर बहुतेक उत्तरं दहावीच्या पोरालाही माहीत असतात. अडतं ते क्लू कोणत्या जातीचा हे न कळल्यामुळे. 'अबाउट' हा साधा शब्द घ्या. क्रिप्टिकमध्ये उत्तराचा तुकडा म्हणून तो 'सी' असू शकतो, 'सीए' असू शकतो, 'आरई' असू शकतो. किंवा 'अक्षरं उलट वाच' ही खूण, किंवा 'एक शब्द दुसऱ्याच्या भोवती गुंडाळ' ही खूण. एका शब्दाला पाच वाटा, आणि क्लूमध्ये असे दोन शब्द आले की नवशिक्याने हात टेकलेच.

ब्रिटनच्या गार्डियन दैनिकाने एप्रिल २०२४ मध्ये सुरू केलेलं 'क्विक क्रिप्टिक' नेमकं इथे मदतीला येतं. दर शनिवारी एक कोडं, चौकट ११ बाय ११, म्हणजे नेहमीच्या १५ बाय १५ च्या साधारण निम्मी. खरी गंमत आकारात नाही. एका कोड्यात क्लूचे चारच प्रकार वापरायचे आणि ते कोणते हे कोड्याच्या माथ्यावरच सांगून टाकायचं, हा नियम आहे. उलट वाचण्याचा प्रकार त्या चारांत नसेल तर 'अबाउट'ची एक वाट तिथल्या तिथे बंद. ब्राउझरमध्ये पैसे न भरता सोडवता येतं, कागदावर छापूनही घेता येतं.

प्रकार समजायला मराठी क्लू बरे. कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं. 'देवळाचं टोक सकळ विस्कटलेलं (३)'. व्याख्या 'देवळाचं टोक', 'विस्कटलेलं' ही खूण, आणि 'सकळ' या तीन अक्षरांची उलथापालथ केली की 'कळस'. हा झाला अ‍ॅनाग्रॅम. 'नदी उलटी फिरली की गरीब (२)': नदी मागून वाचली की 'दीन'. (मराठीत अक्षराबरोबर त्याची वेलांटीही फिरते, त्यामुळे ऱ्हस्व 'दिन' इथे चालणार नाही.) 'लग्नानंतरचं घर: पहिला सूर, पाठोपाठ मास्तर (३)' हा तुकडे जोडण्याचा प्रकार, 'सा' अधिक 'सर'. 'नवरदेव माडीवर (२)' म्हणजे दोन व्याख्या शेजारी शेजारी, उत्तर 'वर'. लपवाछपवीसाठी 'एक मळकट पिशवी, आत फूल (३)': 'एक मळकट' सलग वाचा, मधोमध 'कमळ' आहे.

या शेवटच्या क्लूत एक खोट आहे. 'पिशवी'तलं एकही अक्षर उत्तरात येत नाही. वाक्य जुळावं म्हणून तो शब्द घुसवलाय. ऑब्झर्व्हर या ब्रिटिश वृत्तपत्रासाठी १९३९ पासून कोडी रचणारे झिमेनीझ अशा भरतीच्या शब्दांवर फुली मारायचे. क्लूत नेमकी व्याख्या हवी, उत्तराकडे नेणारी प्रामाणिक कसरत हवी आणि त्यापलीकडे काही नको, हा त्यांचा दंडक. गार्डियनची रोजची कोडी याबाबत बरीच सैल आहेत, आणि ती मोकळीक आवडणारेही पुष्कळ आहेत. पण शिकताना शिस्त बरी.

आता इंग्रजीतला एक, असाच घरी रचलेला: 'बर्ड कॉट विथ लाइन (४)'. वाचताना डोळ्यांपुढे दोरीने पकडलेला पक्षी येतो. तो चित्रातून हाकला. व्याख्या क्लूच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, मध्ये नाही. म्हणून 'बर्ड' तरी व्याख्या किंवा 'लाइन' तरी. 'कॉट' म्हणजे धावफलकावरचा 'सी'. 'लाइन' म्हणजे रांग, 'रो', तीन अक्षरं. सी पुढे, रो मागे: 'क्रो', कावळा. एक अधिक तीन, कंसातले चार जुळले. आपल्याकडच्या माणसाला इथे आयती आघाडी मिळते, कारण या कोड्यांची अर्धी लघुलिपी क्रिकेटची आहे: बोल्डला 'बी', रनला 'आर', मेडनला 'एम', ऑनला 'लेग', आणि डक म्हणजे शून्य, म्हणून 'ओ'. बाकीची ब्रिटिश बाराखडी मात्र पाठच करावी लागते. खलाशी म्हटलं की 'टार' किंवा 'एबी', लष्करी इंजिनिअर म्हणजे 'आरई', हळू आवाज म्हणजे 'पी', कामकरी म्हणजे बहुधा मुंगी. आणि 'फ्लॉवर' दिसला की फुलाआधी नदी आठवायची, कारण जे 'फ्लो' होतं ते 'फ्लॉवर'. हा विनोद या कोड्यांमध्ये इतका शिळा झालाय की त्यावर आता कुणी हसत नाही, पण येतो मात्र नेमाने.

सोडवण्याची रीत: आधी सगळे क्लू एकदा वाचून अ‍ॅनाग्रॅम वेगळे काढा. विस्कटणं, मोडणं, नाचणं, झिंगणं, दुरुस्त करणं अशा अर्थाचा शब्द दिसला की शेजारच्या शब्दांतली अक्षरं मोजा. कंसातल्या आकड्याशी बरोबर जुळली तरच पुढे जा. एक जरी कमी-जास्त झालं तर तुम्ही चुकीचा शब्द उचललाय. मग लपलेले शब्द, कारण त्यांचं उत्तर डोळ्यांसमोरच असतं. तुकडेजोड शेवटी, तोवर आडव्या-उभ्यांची छेदणारी अक्षरं हाताशी येतात. विरामचिन्हांकडे काणाडोळा करायचा, ती फसवायलाच ठेवलेली असतात. कंसात (३,४) असेल तर दोन शब्द, (३-४) असेल तर मध्ये जोडरेघ.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अर्ध्या उत्तरामुळे. व्याख्येला बसणारा, अक्षरसंख्येलाही बसणारा शब्द सुचतो. उरलेल्या क्लूचा हिशेब लागत नाही, तरी तो चौकटीत लिहिला जातो. ११ बाय ११ मध्ये अशी एक चूक दोन-तीन छेदणारे शब्द नासवते आणि अख्खा कोपरा अडून बसतो. क्लूमधल्या प्रत्येक शब्दाचं काम सांगता आल्याशिवाय उत्तर पक्कं धरू नका.

चौकटीखालची बटणं कामाची आहेत. 'चेक धिस' त्या शब्दातली चुकलेली अक्षरं पुसून बरोबर तेवढी ठेवतं. 'रिव्हील धिस' सरळ उत्तर दाखवतं. 'अ‍ॅनाग्रॅम हेल्पर' अक्षरं गोलात मांडून देतं. ओळीतली सवयीची जोडणी मोडली की शब्द दिसायला लागतो, त्यामुळे तो वापरण्यात कमीपणा नाही. 'चेक'चा दुरुपयोग मात्र सोपा आहे: एकेक अक्षर ठोकत गेलं की कोडं आपोआप भरतं आणि शिकणं शून्य. शब्द पुरा झाल्यावर, हिशेब लागल्यावरच 'चेक' दाबा. अर्धवट सोडलेलं कोडं त्या ब्राउझरपुरतंच जपलं जातं. फोनवर सुरू केलेलं लॅपटॉपवर तसंच पुढे मिळेल अशी आशा धरू नका.

सर्वात मोठी उणीव इथेच आहे. 'रिव्हील' उत्तर देतं, ते का ते सांगत नाही. नवशिक्यांसाठी काढलेल्या कोड्यात हे खटकतं. उत्तर पाहून 'असेल बुवा' म्हणत पुढे गेलं तर पुढच्या आठवड्यात त्याच युक्तीवर पुन्हा आपटी. 'फिफ्टीनस्क्वेअर्ड' या संकेतस्थळावर गार्डियनच्या कोड्यांची क्लूनिहाय फोड मिळते; ती शेजारी उघडी ठेवूनच बसावं.

दुसरी अडचण, आठवड्याला एक कोडं सरावाला पुरत नाही. उपाय सोपा: जुनी कोडी संग्रहात आहेत, पहिल्या क्रमांकापासून रोज एक घ्या. तिसरी अडचण चार प्रकारांच्या नियमाच्या पोटातच आहे. इथे एका क्लूत एकच युक्ती असते. बाहेरच्या जगात अर्धा शब्द उलटा करून दुसऱ्याच्या पोटात घालायचा आणि पुढे 'सी' चिकटवायचा, हे रोजचंच. त्यामुळे इथे सगळं सुटायला लागलं म्हणून थेट गार्डियनच्या शनिवारच्या मोठ्या बक्षीस-कोड्याकडे गेलात तर तोंडावर पडाल; शिवाय त्यात उत्तर जाहीर होईपर्यंत 'चेक' आणि 'रिव्हील' मिळत नाही. मधली पायरी म्हणजे गार्डियनचंच 'क्विप्टिक': पूर्ण आकाराचं, पण मवाळ.

पर्याय पाहायचे तर लंडनच्या टाइम्सचं 'क्विक क्रिप्टिक' २०१४ पासून चालू आहे, १३ बाय १३, रचना घट्ट, पण वर्गणी मोजावी लागते आणि प्रकार कुणी आधी सांगत नाही. 'मिनिट क्रिप्टिक' रोज एकच क्लू देतं. खूण कोणती, अक्षरं कुठली घ्यायची, व्याख्या कोणती हे टप्प्याटप्प्याने उघडून दाखवतं. समजावण्यात ते गार्डियनच्या पुढे आहे. फक्त चौकट नसल्याने छेदणाऱ्या अक्षरांचा आधार घ्यायची सवय तिथे लागत नाही. दोन्ही जोडीने चालवावं: सकाळी तो एक क्लू, रात्री संग्रहातलं एक जुनं कोडं.

क्विप्टिकमधले निम्म्याहून जास्त क्लू 'रिव्हील'शिवाय सुटू लागले की 'द हिंदू'चं रोजचं क्रिप्टिक घ्यायला हरकत नाही. ते टोपणनावाने लिहिणारे भारतीय कोडेकार रचतात, त्यामुळे एखादी इडली किंवा राग उत्तरात येतो आणि ब्रिटनमधल्या आडगावाच्या नावावर अडायची वेळ कमी येते.