आयर्लंडच्या किनाऱ्यावर स्टार अ‍ॅडव्हेंचरर 2आय: रुंद लेन्सला वरदान, लांब लेन्सला डोकेदुखी

केरी, मेयो किंवा डोनेगलच्या किनाऱ्यावर रात्रीचं आकाश टिपायचं असेल तर स्काय-वॉचरचा हा ट्रॅकर (ताऱ्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं छोटं यंत्र) 14 ते 35 मिमी लेन्ससाठी जरूर घ्यावा. 135 मिमी लावून तेजोमेघ टिपायचा बेत असेल, तर अटलांटिकचा वारा तो बहुतेक रात्री हाणून पाडतो. कंपनी 5 किलो वजन पेलण्याचं सांगते, पण तो आकडा काउंटरवेट, म्हणजे विरुद्ध बाजूचं वजन, लावून तोल साधल्यावरचा आहे. शिवाय वजन पेलणं वेगळं आणि वाऱ्यात स्थिर राहणं वेगळं.

इथे ट्रॅकरची गरज का, हे अक्षांशावरून कळतं. केरी सुमारे 52 अंशांवर आहे. आकाशगंगेचं केंद्र तिथे क्षितिजापासून जेमतेम 9 अंश वर येतं, आग्नेयेला उगवून सुमारे 6 तासांत नैऋत्येला मावळतं. मेयोत 7 अंशांवरच समाधान मानावं लागतं. इतक्या खालून येणारा प्रकाश हवेच्या जाड थरातून गाळून येतो, मंद आणि पिवळट. ट्रॅकरशिवाय 24 मिमीवर 15-20 सेकंदांची मर्यादा, त्यापुढे ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 6400 आणि भरपूर नॉइज, म्हणजे दाणेदारपणा. ट्रॅकरवर त्याच लेन्सचं छिद्र एफ 4 पर्यंत लहान करून, आयएसओ 1600 ठेवून 2 मिनिटं उघडी ठेवता येते. कोपऱ्यातल्या ताऱ्यांना फुटलेले पंखही त्यामुळे आवरतात.

मोसमाचं भान मात्र हवं. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केरीतसुद्धा पूर्ण अंधार होत नाही, आणि त्या काळात कुठलाच ट्रॅकर मदतीला येत नाही. सप्टेंबर उत्तम. हंस तारकासमूह डोक्यावर असतो आणि धनू राशीतला मोठा ताराढग मध्यरात्रीपूर्वी नैऋत्येकडे समुद्रात उतरतो. केरीतल्या सेंट फिनन्स बे इथून तो स्केलिग बेटांच्या डावीकडे मावळतो. चौकटीसाठी याहून चांगली जागा शोधायची गरज नाही, आणि ही जागा 2014 साली मान्यता मिळालेल्या केरी डार्क-स्काय रिझर्व्हमध्येच येते.

इथेच ट्रॅकरचा मूळ दोष समोर येतो. तारे थांबले की जमीन सरकते. 2 मिनिटांत आकाश जवळजवळ अर्धा अंश फिरतं, आणि स्केलिगपैकी मोठं बेट, स्केलिग मायकल, 218 मीटर उंच असूनही या किनाऱ्यावरून पाऊण-एक अंशच उंच दिसतं. म्हणजे बेट स्वतःच्या अर्ध्या उंचीइतकं फराटलं जातं. उपाय एकच: आकाश ट्रॅकर चालू ठेवून, जमीन ट्रॅकर बंद करून, आणि जोडकाम संगणकावर. समुद्राचं सरळ क्षितिज असेल तर मास्क करणं, म्हणजे आकाश आणि जमीन वेगळी कापणं, सोपं. गवताळ कडा किंवा पडक्या किल्ल्याच्या भिंती असतील तर तासभर कडा साफ करत बसा. जोडकाम नकोच असेल तर 0.5 पट वेगाचा पर्याय आहे. त्यात तारे आणि जमीन दोन्ही निम्म्याने हलतात, म्हणून 24 मिमीवर 30-35 सेकंद खपून जातात. या उपकरणातली ही सर्वांत दुर्लक्षित सोय आहे.

जमिनीचा फोटो संधिप्रकाश संपता संपता आधीच घ्यायचा असेल तर भरतीचं वेळापत्रक बघा. अंधाऱ्या रात्री म्हणजे अमावास्या, आणि अमावास्या म्हणजे उधाण. दोन फोटोंमध्ये दोन तास गेले तर पाणी इतकं सरकलेलं असतं की खडकांची रेषाच जुळत नाही. पाण्याची धार चौकटीत असेल तर जमीन आणि आकाश लागोपाठ घ्या. परतीची वाट भरतीत बुडत नाही ना, हेही आधीच बघून ठेवा.

पोलर अलाइनमेंटसाठी, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे नेमका रोखण्यासाठी, ध्रुवतारा दिसायलाच हवा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या पुळणीवर उंच कड्याच्या अगदी पायथ्याशी उभं राहिलं तर तो कड्याआड जाऊ शकतो, म्हणून जागा दिवसाच होकायंत्राने तपासावी. बॉलहेडचा (कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवणाऱ्या गोल सांध्याचा) अडॅप्टर लावला की ध्रुवतारा बघायच्या छोट्या दुर्बिणीचं, पोलर स्कोपचं, तोंड झाकलं जातं. आधी अलाइनमेंट, मग कॅमेरा, असाच क्रम ठेवावा लागतो, आणि कॅमेरा चढवताना दिलेला धक्का सगळं बिघडवतो. कॅमेरा बाजूला धरणारा डिक्लिनेशन ब्रॅकेट वापरला तर कॅमेरा चढवल्यावरही स्कोपमधून तपासता येतं. तो घ्याच. वेजचे (ट्रॅकर अक्षांशाइतका तिरपा धरणाऱ्या बैठकीचे) आडवे स्क्रू दोन्हीकडून आवळले नाहीत तर थोडी ढिलाई राहते.

तारे दुप्पट लांब रेघांसारखे आले तर उत्तर-दक्षिण खटका चुकून दक्षिणेवर आहे. रेघा अनियमित असतील तर क्लच (फिरता भाग मोटरला जखडणारी कळ) सैल आहे. रेघा सगळ्या फोटोंत एकाच दिशेने आणि सारख्या असतील तर अलाइनमेंट चुकलंय, आणि थोड्याच फोटोंत असतील तर वारा. ट्रायपॉडचा मधला दांडा खालीच ठेवा, पाय पसरून उंची कमी करा. बॅग मधोमध टांगली तर ती जमिनीला टेकलेली असावी, लोंबकळणारी बॅग उलट हेलकावे देते.

जमीनही दगा देते. ओल्या वाळूत पाय हळूहळू रुततात, प्रत्येक पायाखाली सपाट चकती हवी. मेयोत बॅलिक्रॉयच्या पीटच्या दलदलीवर शेजारून कोणी चाललं तरी ट्रायपॉड थरथरतो. क्लॅगन माउंटनच्या लाकडी पायवाटेवरही तेच. एक्स्पोजर चालू असताना हलायचं नाही. लूप हेडसारख्या दीपगृहाजवळ वेगळीच अडचण: 20 सेकंदांत 4 झोत, म्हणजे 2 मिनिटांत 24. दीपगृह छोट्या एक्स्पोजरमध्ये वेगळं घ्यावं.

चार एए सेल बराच काळ पुरतात, यूएसबीवरून पॉवर बँकही चालते. ती तशीही लागणारच, कारण दव आणि खाऱ्या तुषारांमुळे लेन्सला हीटरचा पट्टा बांधल्याशिवाय तासभरही निभत नाही. मिठाचा थर कोरड्या कापडाने पुसू नका, काचेवर ओरखडे येतात. आधी गोड्या पाण्याने ओलावलेलं कापड, मग कोरडं. ट्रॅकरच्या क्लचजवळची फट आणि वेजचे स्क्रूही त्याच रात्री पुसून घ्यावेत, नाहीतर पुढच्या अमावास्येला ते गंजून अडकलेले सापडतात.