फुलवातीचं मशीन, बायबॅक करार आणि माझे १,५७,०००

आधी आकडा सांगते, सगळे तोच विचारतात. मशीन १,००,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून १८,०००. ‘परत मिळणारं’ डिपॉझिट २५,०००. चाळीस किलो कापूस, ३५० रुपये किलोनं, १४,०००. ट्रान्सपोर्ट ६,५००. एकूण १,६३,५००. परत आले ६,५००. बाकीचे गेले.

मी भोळी नाही हो. पतसंस्थेत अकरा वर्षं कॅशियर होते, खोटी नोट हाताला कळते. आणि रिसर्च न करता उडी मारली असंही नाही. तीन आठवडे रात्री जेवणं आटोपली की मोबाईल घेऊन बसायचे. मुलाची अर्धी कोरी राहिलेली गणिताची वही नोंदींनी भरली. बायबॅक म्हणजे कंपनी सांगते: मशीन आमचं घ्या, कापूस आमचा घ्या, वाती करा, ६५० रुपये किलोनं आम्हीच उचलू. मी म्हटलं, आधी तपासू.

तपासलं तर सगळं चोख. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर चालू. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र. दर्जाचं आयएसओ प्रमाणपत्र. गूगलवर ४.८ स्टार. अकरा व्हिडिओ. आता कळतं की उद्यम नोंदणी फुकट होते, स्वतःच माहिती भरायची, कागद अपलोड करावा लागत नाही. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते बाहेरच्या एजन्सी देतात, त्यात कुठलीही आली. आणि पाच स्टार देणाऱ्या लोकांच्या नावावर क्लिक केलं असतं तर दिसलं असतं, बहुतेकांनी आयुष्यात तो एकच रिव्ह्यू लिहिलाय. मी स्टार मोजले, माणसं नाही बघितली.

जीएसटीची तारीख मात्र बघितली होती. नोंदणी चार महिन्यांपूर्वीची, बोर्डावर ‘२०१४ पासून’. वहीत लिहिलंय, खाली दोन रेघा ओढल्यात. विचारलं तर कंपनीचा माणूस म्हणाला, ‘‘मॅडम, आधी फर्म काकांच्या नावावर होती.’’ झालं, माझं समाधान.

पण खरं चुकलं ते दुसरीकडे, आणि ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. एका व्हिडिओत एक बाई सांगते, आठ महिने झाले, महिन्याला २२,००० सुटतात. मागे मशीन. त्या मशीनच्या पत्र्यावरची निळी प्लास्टिकची फिल्म अजून निघालेली नव्हती. कोपऱ्यात थोडी उचकटलेली, बाकी तशीच. खालची फरशी लख्ख. मला ते दिसलं. मी व्हिडिओ थांबवून ह्यांना दाखवलं आणि मी काय म्हणाले? ‘‘बघा, किती स्वच्छ ठेवलंय.’’

माझं मशीन आलं तेव्हा चौथ्या दिवशी कापसाचे तंतू तांदळाच्या डब्यात निघाले. पडद्यांवर, देव्हाऱ्यात, मुलाच्या नाकात. आठ महिने चालवलेलं मशीन आणि फरशीवर कापसाचा एक धागा नाही! हे कळायला कॅशियर असावं लागत नाही.

पहिले दहा किलो त्यांनी घेतले. ६,५०० खात्यात आले. तिथेच मी पुरती गेले, कारण तो स्क्रीनशॉट मी नणंदेला पाठवला. तिनं माझ्या शब्दावर ५१,००० ॲडव्हान्स भरला. तिचं मशीन आलंच नाही.

पुढचे तीस किलो परत आले. ‘ओलावा जास्त, वजन कमी.’ करार काढून बसले. पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरी केलेला, कलम ११: मालाच्या दर्जाबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील. मी ते सहीच्या आधी वाचलं होतं, पण दर्जाचं भय वाईट काम करणाऱ्याला, असं वाटलं. बिल मागितलं तर डिलिव्हरी चलनाची झेरॉक्स. १८,००० जीएसटी घेतला आणि टॅक्स इनव्हॉइस नाही. मग फोन बंद, मग ब्लॉक.

आणि मी राहते कुठे? पंढरपुरात. घरापासून चौफाळा दहा मिनिटांवर, पूजेच्या सामानाची दुकानंच दुकानं. तीन आठवडे मोबाईलवर शोधत बसले, एका दुकानात जाऊन भाव विचारला नाही. माल परत आल्यावर गेले. दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, आम्हाला ३८० नं घरपोच येतात.’’ मग कंपनी ६५० नं कुणाला विकणार होती? एवढं एक गणित त्या अख्ख्या वहीत नव्हतं.

पोलीस स्टेशनला चार खेपा. ‘‘मशीन मिळालं ना? करार आहे ना? मग हा दिवाणी मॅटर.’’ दुसऱ्या खेपेला, ‘‘ऑफिस ज्या गावात तिथे जा.’’ हद्द नसली तरी गुन्हा नोंदवून पुढे पाठवता येतो, शून्य क्रमांकानं. मी तसं म्हटलं, तर साहेब हसले, ‘‘तुम्हीच शिकवा आता.’’ गेले त्या गावाला. गाळ्यात सलून. तिथले हवालदार म्हणाले, राहत्या ठिकाणी द्या. एसटीचं तिकीट, एक दिवस, आणि अर्जावर आवकचा शिक्का मिळवायला दोन तास भांडण. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवले. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावला तो पाचव्या महिन्यात. तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर ‘व्यापारी हेतू’ म्हणून कागद परत. पोट भरायला स्वयंरोजगार म्हणून घेतलेलं मशीन ग्राहक कायद्यात बसतं, हे वकिलानं लिहून दिलं तेव्हा घेतला. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकिलाचे मात्र ७,०००. आता तारखा.

शिक्क्याशिवाय अर्ज देऊ नका. डिपॉझिट मागितलं की उठा. माल कोण घेतो ते विकणाऱ्याला नका विचारू, बाजारात जाऊन विचारा. व्हिडिओत माणसाकडे नाही, फरशीकडे बघा.

मशीन विकायला काढलंय. भंगारवाला ९,००० म्हणतो. परवा लातूरहून एका मुलाचा फोन आला, आवाजावरून विशीतला. मी सांगितलं, मशीन चालतं, वाती चांगल्या निघतात. त्यानं एकच विचारलं, ‘‘ताई, कंपनी माल परत घेते ना?’’

मी त्याला अर्धा तास सोडला नाही.