दुपारी ‘गॅस चेकिंग’वाले आले तर आधी हे वाचा

नाशिकला आमच्या सिडको भागात सध्या दोन माणसं घरोघर फिरत आहेत. गळ्यात ओळखपत्र, खिशावर गॅस कंपनीच्या नावाची पट्टी शिवलेला शर्ट, हातात छापील पावतीपुस्तक आणि साबणाच्या पाण्याची फवारा-बाटली. दुपारची जेवणं आटोपली, घरात वयस्कर माणूस एकटं उरलं की ते येतात. आमच्या घरी गेल्या महिन्यात येऊन गेले. सासूबाईंकडून २,३३६ रुपये नेले, आणि चांगली चालणारी शेगडी धोक्याची करून ठेवली. पैशांचं दुःख आहेच, पण राग येतो तो या दुसऱ्या गोष्टीचा. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

दारातच त्यांनी सांगितलं, “काकू, पाच वर्षांची सक्तीची तपासणी आहे. दोनशे छत्तीस रुपये शुल्क. तपासणी झाली नाही तर पुढची टाकी मिळणार नाही.” यातला धाक तेवढा त्यांचा. दर पाच वर्षांनी तपासणी करायचा नियम खराच आहे आणि जीएसटी धरून तिचं शुल्क २३६ रुपये हेही खरं आहे. ज्याला नियम ठाऊक आहे त्याचाच या लोकांवर लवकर विश्वास बसतो. आईंना, म्हणजे सासूबाईंना, तो ठाऊक होता. तरीही त्यांनी खात्री करून घ्यायची म्हणून ओळखपत्रावरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून बाई बोलल्या, “हो, आमचीच माणसं आहेत, सहकार्य करा.” तो नंबर त्यांच्याच साथीदाराचा होता.

स्वयंपाकघरात गेल्यावर एकाने ओट्याखाली वाकून रेग्युलेटरपाशी हात घातला. पाइप तपासतोय असं दाखवत तो त्याने थोडा ओढून सैल केला, मग त्यावर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे आले. “बघा काकू, गळती आहे. रात्री बटण दाबलं असतं तर काय झालं असतं?” अडुसष्ट वर्षांची बाई, घरात एकटी, समोर डोळ्यांदेखत बुडबुडे. घाबरणार नाही तर काय करणार? आई काही बोलणार इतक्यात दुसऱ्याने कटर काढून पाइप मधोमध कापून टाकला.

सगळी मेख या कापण्यात आहे. पाइप कापला की नको म्हणायची सोयच राहत नाही, कारण संध्याकाळी चूल पेटायची तर त्यांचाच पाइप घ्यावा लागतो. तपासणीचे २३६, नव्या पाइपचे ६५० आणि टाकी व रेग्युलेटरच्या मध्ये बसवायच्या, घड्याळासारखा काटा असलेल्या ‘सेफ्टी डिव्हाइस’चे १,४५०. हे बसवलं नाही तर अपघातानंतर विमा मिळत नाही, असंही वर सांगितलं. जुन्या पाइपचे तुकडे “कंपनीत जमा करावे लागतात” म्हणून पिशवीत घालून घेऊन गेले. पाइपवर तो तयार झाल्याचं साल छापलेलं असतं. आमचा पाइप दोनच वर्षांपूर्वी बदलला होता, त्याचं बिल गॅसच्या पुस्तकात आहे. तुकडे घरात राहिले असते तर लबाडी तिथल्या तिथे दिसली असती.

संध्याकाळी मी घरी आले तर दार उघडताच वास. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. आईंना सर्दी होती, त्यांना वास आलाच नव्हता, आणि देवघरात निरांजन लावायची वेळ होत आली होती. रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, दिव्याचं किंवा एक्झॉस्ट फॅनचं एकही बटण दाबलं नाही. आईंना घेऊन बाहेर अंगणात आले आणि तिथून १९०६ वर फोन लावला. गॅसगळतीसाठीचा हा नंबर चोवीस तास चालू असतो. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो असायलाच हवा.

एजन्सीचे खरे मेकॅनिक आले, त्यांनी सगळं सोडवून दाखवलं. नवा पाइप रंगाने नारंगी होता, पण त्यावर आयएसआयचं चिन्ह नव्हतं, सालही नव्हतं. आतला भाग रेग्युलेटरच्या तोटीवर घट्ट बसतच नव्हता. त्या काट्याच्या यंत्राचं रबरी वायसर टाकीच्या तोंडाला नीट लागत नव्हतं, आणि गॅस तिथूनच येत होता. “ताई, गॅस कंपन्या असलं कुठलंही यंत्र विकत नाहीत आणि लावायलाही सांगत नाहीत. मध्ये जेवढे जोड जास्त, तेवढ्या गळतीच्या जागा जास्त,” असं ते म्हणाले. ते यंत्र काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. पोलिसांना दाखवायला मी ते ठेवलं आहे.

आता खरं काय ते सांगते. कंपनीचा पाइप आत तारेची जाळी असलेला, नारंगी रंगाचा असतो. त्यावर आयएस ९५७३ असं छापलेलं असतं आणि त्याचं आयुष्य पाच वर्षं धरतात. गॅस कंपन्यांनी २०२४ मध्ये मोफत प्राथमिक तपासणीची मोहीम काढली, तेव्हा दीड मीटर पाइपची किंमत १९० वरून १५० रुपये केली होती. त्यासाठी सहाशे-सातशे कुणी मागितले तर तिथेच ओळखा. विम्याचंही तसंच आहे. घरगुती गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी स्वतःच विमा उतरवलेला असतो, ग्राहकाला त्याचा हप्ता भरावा लागत नाही, कुठलं यंत्र तर मुळीच विकत घ्यावं लागत नाही. मात्र पाइप, रेग्युलेटर आणि शेगडी आयएसआय चिन्हाचीच वापरा. बिनाशिक्क्याचं सामान धोक्याचं असतं, शिवाय भरपाई मागताना तेच आडवं येऊ शकतं. म्हणजे विम्याच्या नावाखाली त्यांनी जे विकलं, त्याने आमचा विमाच अडचणीत आला असता.

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या वहिनींकडे त्यांनी वेगळी युक्ती केली. बर्नरखालच्या नळीच्या तोंडाशी हवा आत घेणारी फिरती पट्टी असते, ती बोलता बोलता बंद केली आणि पिवळी ज्योत दाखवली. “जेट गेलाय, आतून कॉक गळतोय” असं सांगून नऊशे रुपये घेतले. जेट म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक तोटी, कॉक म्हणजे नॉबमागची गॅसची झडप. तो ‘बदललेला’ जेट मी पाहिला, जुनाच पुसून परत लावला होता.

पिवळी ज्योत आणि काळी होणारी भांडी यांचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. गॅसमध्ये हवा पुरेशी मिसळत नाही. बर्नरच्या छिद्रांत उतू गेलेलं दूध, डाळ, तेल बसलेलं असतं किंवा हवेची वाट जाळ्यांनी, धुळीने अडलेली असते. टाकी बंद करायची, बर्नर गार होऊ द्यायचा, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या दात घासायच्या ब्रशने घासायचा, छिद्रं पिनेने मोकळी करायची. पितळी बर्नर असेल तर चिंचेचा कोळ उत्तम, हे आईंचं सांगणं. मग पुरता वाळवून लावायचा. ओला लावला तरी ज्योत पिवळी आणि फडफडती दिसते, तेव्हा लगेच कुणाला बोलवायची घाई करू नका. एवढ्याने ज्योत निळी होते आणि खर्च शून्य. हा उद्योग महिन्यातून एकदा केला तरी पुरे.

गळतीची शंका आली तर तपासणीही घरी करता येते. नॉब बंद, रेग्युलेटर चालू, आणि पाइपच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस. फेस फुगू लागला तर रेग्युलेटर बंद करून एजन्सीला फोन करायचा. काडी पेटवून कधीही बघायचं नाही. जुन्या लोकांत ही सवय अजून आहे, हात जोडून सांगते, मोडा ती. नॉब घट्ट झाला, आतला कॉक गळू लागला किंवा रेग्युलेटर बिघडला तर मात्र स्वतः उघडू नका. रेग्युलेटर एजन्सीतूनच बदलून घ्यायचा, बाजारातून नाही.

कुणी तपासणीला आलं तर दार अर्धंच उघडून ग्राहक क्रमांक त्यांना सांगायला लावा. एजन्सीच्या माणसाकडे तो असतो, या लोकांनी आईंना उलट पुस्तक मागितलं होतं. मग पुस्तकावर छापलेल्या एजन्सीच्या नंबरवर आपण फोन करायचा. ओळखपत्रावरच्या किंवा पावतीवरच्या नंबरवर नाही. खरा मेकॅनिक तेवढा वेळ थांबतो. आणि खात्री पटेपर्यंत पाइपला हात लावू द्यायचा नाही.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी ३१८ आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवण्यासाठी ३१९ कलम आहे. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दोघं दिसतात, ती चित्रफीतही दिली. तुम्ही पैसे ऑनलाइन दिले असतील तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. रोख दिले असतील तर पावती फाडू नका, बसवलेला पाइप आणि यंत्र एजन्सीच्या माणसाकडून काढून घ्या, पण टाकून देऊ नका. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागात कुणाकडे असं घडलं असेल तर त्या वस्तू घेऊन पोलीस ठाण्यात जा. एकाच घराची तक्रार असेल तर ती किरकोळ वाटते, वहिनींची आणि आमची मिळून आता दोन झाल्या आहेत.