फुकटचा टेम्प्लेट आणि दीड लाखाचं कोटेशन

गोव्यात हरमलला आमच्या माडांच्या भाटात सात खोल्या आहेत, त्या आम्ही पर्यटकांना देतो. बुकिंगच्या मोठ्या साइट्स कमिशन कापतात म्हणून स्वतःची वेबसाइट करायचं ठरलं आणि म्हापशातल्या ओळखीच्या एकाने एक डेव्हलपर सुचवला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण अजून वकिलाकडे आहे. पण पेडणे-बार्देश भागात त्याने आणखीही कामं केल्याचं कानावर आलंय, म्हणून काय घडलं ते सविस्तर सांगतो.

कोटेशन देखणं होतं. डेटाबेस डिझाइन ३५,०००, सर्व्हर आर्किटेक्चर ४०,०००, लॉगिन मॉड्युल २५,०००, सुरक्षा व फायरवॉल २०,०००, आणि ‘आपल्या व्यवसायासाठी खास घडवलेली पानं’ ३०,०००. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘सर्व काम शून्यापासून लिहिले जाईल.’ निम्मे पैसे चवथीच्या आधी दिले, उरलेले सीझन सुरू होताना. साइट चालली, हे खरं. बुकिंग यायचं, आम्हाला मेल यायचा. विदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला फॉर्म भरून कळवावी लागते, त्यासाठी पासपोर्टचा फोटोही पाहुण्याने तिथेच अपलोड करायची सोय होती.

नाताळाच्या तोंडावर पुण्याच्या एका पाहुण्याचा फोन आला. “खोली पक्की करायला आणखी साडेआठ हजार पाठवा म्हणून व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय, तो तुमचाच ना?” मेसेजात त्यांच्या तारखा होत्या, खोली होती, बायकोचं नावही बरोबर. आम्ही काहीच मागितलं नव्हतं. त्यांनी विचारलं म्हणून ते वाचले. दोघा पाहुण्यांनी न विचारताच पैसे भरून टाकले होते. डेव्हलपरला फोन केला तर म्हणाला, “भाई, पाहुण्यांचे फोन हॅक झाले असतील. आपला सर्व्हर टकाटक आहे. फायरवॉल चालू असलेला मी तुम्हाला दाखवला नव्हता का?” फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना सर्व्हरपासून अडवणारा पहारा, त्याने दाखवला होता. काळ्या स्क्रीनवर ‘स्टेटस ॲक्टिव्ह’ असं मी स्वतः वाचलं होतं.

भाची फर्मागुडीला इंजिनीअरिंग कॉलेजात आहे, ती सुट्टीत आली होती. तिने सर्व्हरवर शिरून आधी काय पाहिलं असेल, तर कामाचा इतिहास. गिट नावाच्या व्यवस्थेत फाइलीतला प्रत्येक बदल कोणी आणि कधी केला ते नोंदलेलं असतं. पानंच्या पानं नोंदी निघाल्या, सगळ्या परक्या नावांच्या आणि आम्ही या माणसाला भेटण्याच्या कितीतरी आधीच्या. आमच्या डेव्हलपरच्या नोंदी अगदी शेवटच्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लोगो बदलला. रंग बदलले. खोल्या आणि बुकिंग असे दोन तक्ते वाढवले. आणि एका नोंदीत दोन फाइली पुसल्या होत्या, रीडमी (वापराच्या सूचना) आणि लायसन्स (वापराच्या अटी).

“मामा, हा स्टार्टर टेम्प्लेट आहे,” ती म्हणाली. “वेब सर्व्हर, पोस्टग्रेस डेटाबेस, लॉगिन, सगळं आधीच जोडून ठेवलेलं. कोणीही फुकट उतरवून घ्यावा आणि पुढचं काम सुरू करावं.”

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण नंतर त्याच्या बाजूने बोलणारे हेच पुढे करत होते. टेम्प्लेट वापरणं गैर नाही. हा एमआयटी लायसन्सचा होता, म्हणजे वापरा, बदला, विकासुद्धा. अट एवढीच की मूळ कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत राहू द्यायचा. यानेच नेमका तोच पुसला. “तयार टेम्प्लेटवर करतो, इतके घेईन,” असं म्हणाला असता तर मी दिलेही असते. शून्यापासून लिहिणार म्हणून पैसे घेतले, ही फसवणूक.

पुसलेली रीडमी भाचीने इतिहासातून परत काढली. मूळ लेखकाने तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं की खऱ्या वापराआधी डेटाबेसचा पासवर्ड, ॲडमिनचं खातं आणि टोकनची, म्हणजे लॉगिन झालेल्याला मिळणाऱ्या पासाची, गुप्त किल्ली बदला, हे नमुन्यासाठी आहेत. तिन्ही जशीच्या तशी होती. डेटाबेसचा युजर पोस्टग्रेस, पासवर्डही पोस्टग्रेस. ॲडमिनचा पासवर्ड ‘चेंजमी’, म्हणजे बदला म्हणून तो पासवर्ड स्वतःच ओरडत होता. टोकनची किल्ली इंटरनेटवर सगळ्यांना दिसणारी, त्यामुळे टेम्प्लेट ओळखणारा कोणीही घरबसल्या स्वतःला आमचा ॲडमिन ठरवू शकत होता.

आता तो वीस हजारांचा फायरवॉल. तो खरंच चालू होता. पण टेम्प्लेट डॉकरवर, म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणाऱ्या व्यवस्थेवर चालतो, आणि कोणता डबा कसा चालवायचा ते सांगणाऱ्या त्याच्या कंपोज फाइलीत डेटाबेसच्या नावाखाली ‘५४३२:५४३२’ अशी एक ओळ होती. ५४३२ हा पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे आत यायचं दार. अशी ओळ असली की डॉकर तो पोर्ट बाहेरच्या जगाला उघडतो, आणि त्यासाठी स्वतःचे नियम यूएफडब्ल्यू या फायरवॉलला वळसा घालून बसवतो. स्क्रीनवर ‘स्टेटस ॲक्टिव्ह’ दिसत राहतं आणि दार सताड उघडं. लेखकाने ती ओळ स्वतःच्या लॅपटॉपवर काम करताना सोय म्हणून ठेवली होती. खऱ्या सर्व्हरवर ती काढायची, नाहीतर पुढे १२७.०.०.१ लावायचं, म्हणजे दार फक्त त्याच मशीनपुरतं उघडतं. डेटाबेसच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, भलत्याच नावांनी शिरू पाहणाऱ्यांच्या फसलेल्या प्रयत्नांची रांग होती. यशस्वी झाले त्यांची नोंद नाही, कारण पोस्टग्रेसमध्ये ती नोंद मुळात बंद असते.

जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी या दुसऱ्या प्रकारचे असेच उघडे पडलेले हजारो डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली होती, हे तिनेच सांगितलं. आमचा कोणी पुसला नाही. त्यात पासपोर्टचे फोटो होते हे आठवलं की मात्र अजून झोप उडते.

पासवर्ड बदलतानाही एक मेख निघाली. डॉकरच्या फाइलीत नवा पासवर्ड लिहून काही होत नाही, तो फक्त डेटाबेस पहिल्यांदा तयार होताना वाचला जातो. त्यानंतर डेटाबेसात शिरूनच बदलावा लागतो. टोकनची किल्ली बदलल्यावर सगळ्यांची लॉगिनं एका झटक्यात तुटली, ते हवंच होतं. पाहुण्यांना आम्ही एकेकाला फोन केले. शिव्या खाल्ल्या, खायलाच हव्या होत्या. पैसे गेलेल्या दोघांना १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायला सांगितलं, आम्ही रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात अर्ज दिला.

डेव्हलपरने आधी हात वर केले, मग म्हणाला, “भाई, सगळे असंच करतात,” आणि शेवटी, देखभालीचे पैसे भरले नाहीत तर साइट बंद पडेल. तेव्हा कळलं की डोमेन, म्हणजे साइटचा पत्ताही त्याच्याच नावावर आहे. डोमेन बदलीचा कोड त्याने वकिलाच्या नोटिशीनंतर दिला. पैशांचा प्रश्न तसाच आहे. ग्राहक आयोगाकडे जाताना तिढा असा की धंद्यासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही, केवळ पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतली असेल तरच बसते. सात खोल्या कशात मोडतात, यावर वकिलाची खटपट चालू आहे.

कोटेशनमध्ये हेच पाच रकाने आणि ‘शून्यापासून’ हा शब्द छापलेला कोणाकडे असेल, तर आधी सर्व्हरवरची ती कंपोज फाइल कोणा जाणकाराकडून उघडून बघा. गिटचा इतिहास त्याच्या हाती पुसला जाण्याआधी त्याची प्रत काढा आणि मला कळवा. आणखी एक-दोन कोटेशनं जोडता आली तर अर्जाला वजन येईल, असं वकील म्हणतात.