फायब्रोस्कॅन, गीता भवन परिसर, इंदूर: हात कसलेला, रिपोर्ट अपुरा

फायब्रोस्कॅन म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. इथे ती करणारा हात कसलेला आहे. उताणं झोपवून उजवा हात डोक्यामागे घ्यायला लावतात, बरगड्यांच्या फटीत जेल लावून प्रोब काटकोनात टेकवतात. टिचकी मारल्यासारखं वाटतं, एवढंच. दहा वैध रीडिंग नीट मोजून घेतात. अंगाने जाड माणसाला एक्सएल प्रोब न मागता लावतात, हे फार मोलाचं.

चूक होते ती फोनवर. किमान तीन तास उपाशी या, हे सांगतच नाहीत. छप्पन दुकानला पोहे-जिलबी खाऊन आलेल्याच्या यकृतात रक्तप्रवाह वाढलेला असतो, त्यामुळे ते आहे त्यापेक्षा कडक दिसतं आणि घरचे उगाच धास्तावतात. ताज्या काविळीतही आकडा फुगतो. पोटात पाणी झालं असेल तर रीडिंग मिळणं कठीण.

रिपोर्टवर कडकपणाचा किलोपास्कलमधला आकडा ठळक, पण आयक्यूआर-मीडियन गुणोत्तर, म्हणजे रीडिंगमध्ये आपसात किती तफावत आहे ते, गायब. ते मागून घ्याच. 30 टक्क्यांवर असेल तर वाढलेल्या आकड्यावर विसंबू नका.

जगात सिरोसिसचे (यकृतात चट्टे पडून ते निकामी होण्याचे) मृत्यू 1990 मध्ये सुमारे 9 लाख होते, 2017 मध्ये 13 लाखांवर गेले. लोकसंख्या वाढली, वयही वाढलं. वयातला फरक वगळून काढलेला मृत्युदर मात्र उतरला. आपल्याकडे हिपॅटायटिस बीची लस 2011 पासून देशभर मिळते, पण फॅटी लिव्हरवर लस नाही. म्हणून फॅटी लिव्हरचा धोका जास्त असलेल्या मधुमेह्यांनी ही तपासणी करावी असं आम्हाला मनापासून वाटतं. आकडा 8 किलोपास्कलच्या खाली आला तर गंभीर फायब्रोसिसची (यकृतात चट्टे पडण्याची) शक्यता कमी. वर आला तर पोटविकारतज्ज्ञाकडेच जा.