पासथ्रू कार्डासह लाइव्ह मायग्रेशन: काही महिने वापरल्यानंतर

व्हीएमला (आभासी मशीनला) नेटवर्क कार्डाचा व्हीएफ, म्हणजे कार्डाने वेगळा करून दिलेला हिस्सा, थेट द्या (हेच पासथ्रू) आणि पूर्ण वेग घ्या, नाहीतर व्हर्टिओवर, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या कार्डावर, ठेवा आणि हवी तेव्हा चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर, हलवा (हेच लाइव्ह मायग्रेशन). केव्हीएमवर (लिनक्समधल्या व्हीएम चालवण्याच्या व्यवस्थेवर) काम करणाऱ्यांपुढे बरीच वर्षं ही निवड होती आणि दोन्ही एकदम मिळत नव्हतं. ज्या व्हीएमना पासथ्रू दिलं, त्या होस्टला खिळल्या. होस्टचा कर्नल बदलायचा म्हटलं की त्या व्हीएमच्या मालकांकडून रात्रीची वेळ मागून घ्यायची, त्यांनी ती पुढे ढकलायची, आणि तोवर सिक्युरिटी पॅच तसाच पडून राहायचा.

गेले काही महिने आम्ही व्हीएफसकट व्हीएम चालू अवस्थेत हलवतो आहोत. निष्कर्ष आधीच सांगतो. नेटवर्क कार्डांच्या व्हीएफसाठी ही सोय आता रोजच्या कामात वापरावी इतकी भरवशाची झाली आहे. मात्र अनुभव चांगला येणार की वाईट, हे व्हीएम चालवणारं क्यूएमू किंवा त्यावर देखरेख करणारं लिबव्हर्ट यांच्यापेक्षा कार्ड आणि त्याचं फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) जास्त ठरवतं. वेळ द्यायचा तर तिथे द्या.

अडचण मुळात कुठे होती ते थोडक्यात. साध्या मायग्रेशनमध्ये व्हीएम चालू ठेवून तिची मेमरी पलीकडे पाठवतात, मधल्या काळात बदललेली पेज (मेमरीचे छोटे तुकडे) पुन्हा पाठवतात, आणि उरलेलं थोडं असलं की क्षणभर थांबवून शेवटचा हप्ता नेतात. कोणती पेज बदलली, हे प्रोसेसरच्या पेज टेबलवरून कळतं. पण थेट दिलेलं कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, आयओएमएमयूमार्गे (कार्डांसाठी मेमरीचे पत्ते बदलून देणाऱ्या हार्डवेअरमार्गे) गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या सिस्टिमच्या, मेमरीत लिहितं, आणि त्याची प्रोसेसरच्या टेबलांत कुठेच नोंद होत नाही. शिवाय कार्डाच्या पोटात काय चाललंय, म्हणजे कोणती रांग कुठवर आली, कोणता इंटरप्ट बाकी आहे, हे हायपरव्हायझरला (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) दिसत नाही. म्हणून दोन गोष्टी कार्डाकडूनच मिळायला हव्यात: लिहिलेल्या पेजचा हिशेब, आणि पोटातली सगळी अवस्था बाहेर काढून परत भरण्याची सोय.

याआधी आम्ही फेलओव्हरची जोडी वापरायचो. क्यूएमू ४.२ मध्ये, २०१९ साली, ती सोय आली. व्हीएफ आणि व्हर्टिओ कार्ड एकाच मॅक पत्त्यावर जोडायचं, हलवण्याआधी व्हीएफ काढून घ्यायचा, तोवर ट्रॅफिक व्हर्टिओवरून, आणि पलीकडे पोहोचल्यावर नवा व्हीएफ लावायचा. कार्डाचा आधार नसेल तर आजही हाच मार्ग आहे आणि तो चांगला आहे. पण गेस्टने व्हीएफ सोडेपर्यंत थांबावं लागतं, मधल्या काळात वेग पडतो, आणि गेस्टमधला डीपीडीके (कर्नलला वगळून नेटवर्कची पाकिटं, म्हणजे पॅकेट, थेट हाताळणारी लायब्ररी) वापरणारा ॲप्लिकेशन व्हीएफला थेट धरून बसला असेल तर त्याच्या पायाखालची जमीनच जाते. आमच्या सर्वांत नाजूक व्हीएम नेमक्या त्याच होत्या.

लिनक्स ५.१८ मध्ये, २०२२ साली, व्हीएफआयओचा (व्हीएमला कार्ड थेट देणाऱ्या कर्नलमधल्या व्यवस्थेचा) मायग्रेशनचा दुसरा प्रोटोकॉल आला आणि चित्र बदललं. कार्डाच्या अवस्था ठरवून दिल्या गेल्या: चालू, थांबलेलं, थांबून अवस्था देणारं, अवस्था घेणारं. पुढच्या आवृत्त्यांत चालू असतानाच अवस्थेचा काही भाग आधी पाठवण्याची सोय आली. क्यूएमू ८.१ मध्ये, २०२३ साली, यावरचा ‘प्रायोगिक’ शिक्का निघाला, आणि आम्ही तेव्हापासूनच याकडे गांभीर्याने पाहायला लागलो.

मांडणीतली एक गोष्ट नवीन माणसाला हमखास अडवते. व्हीएफ नेहमीच्या सर्वसाधारण व्हीएफआयओ ड्रायव्हरला बांधलेला असेल तर मायग्रेशन सुरूच होत नाही. त्या कार्डासाठी लिहिलेला खास व्हीएफआयओ ड्रायव्हर लागतो. एनव्हिडियाच्या एमएलएक्स५ कुळातल्या कार्डांसाठी, एएमडीच्या पेन्सांडो कार्डांसाठी, इंटेलच्या क्यूएटी ॲक्सिलरेटरसाठी, हायसिलिकॉनच्या ॲक्सिलरेटरसाठी असे ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आहेत. एमएलएक्स५ मध्ये आणखी एक पायरी आहे: डेव्हलिंक या कमांडमधून त्या व्हीएफची ‘मायग्रेटेबल’ खूण चालू करायची आणि मगच तो व्हीएफआयओला बांधायचा. ही खूण लावली की हलवता न येणाऱ्या सुविधा कार्ड त्या व्हीएफपुरत्या बंद करतं. म्हणून सगळ्या व्हीएफना सरसकट ती लावू नका. जी व्हीएम हलवायचीच नाही तिच्याकडून ती किंमत कशाला वसूल करायची?

प्रत्यक्ष मायग्रेशन चालू असताना क्यूएमू मॉनिटरवर ‘इन्फो मायग्रेट’ पुन्हा पुन्हा देऊन बघत राहण्यासारखं असतं. मेमरीचा उरलेला आकडा फेरीगणिक खाली येतो, आणि व्हीएफआयओची वेगळी ओळ, कार्डाच्या अवस्थेचे किती किलोबाइट गेले ते सांगणारी, आधी थोडी हलते आणि मग शेवटच्या क्षणी एकदम उडी मारते. ती उडी म्हणजेच व्हीएम थांबलेली असण्याचा काळ. एकाच व्हीएमला दोन कार्डं असतील तर त्याआधी एक मधली अवस्था येते. त्यात कार्ड दुसऱ्या कार्डाकडे नवा डीएमए सुरू करत नाही, पण दुसऱ्याकडून आलेला स्वीकारतं. सगळी कार्डं त्या टप्प्यावर आली की मगच एकेकाला पूर्ण थांबवतात. हे करणाऱ्यांनी किती बारकाईने विचार केलाय, ते या एका अवस्थेवरून कळतं.

क्यूएमूची डाउनटाइमची मर्यादा मुळात ३०० मिलिसेकंद असते. १० गिगाबिटच्या लिंकवर तेवढ्या वेळात फार तर ३७५ एमबी जातात. त्यात उरलेली डर्टी (पाठवल्यानंतर बदललेली) पेजही आली आणि कार्डाची अवस्थाही, आणि पलीकडच्या कार्डात ती भरायला लागणारा वेळ वेगळाच. कमी रांगांचा व्हीएफ यात सहज बसतो. रांगा वाढवल्या, फ्लो (ट्रॅफिकचे वेगवेगळे प्रवाह) वाढले, की अवस्था फुगते आणि थांबण्याचा काळ लांबतो. त्यामुळे रिकाम्या व्हीएमवरच्या चाचणीवर विसंबू नका, खऱ्या भाराखाली मोजा. क्यूएमू ८.१ मधली ‘स्विचओव्हर-ॲक’ ही क्षमता चालू ठेवाच: कार्डाचा सुरुवातीचा डेटा पलीकडे भरून होईपर्यंत शेवटचा टप्पा सुरू होत नाही. आमच्याकडे थांबण्याच्या वेळेतला चढउतार याने सर्वांत जास्त आटोक्यात आला. एकाच व्हीएमला बरेच व्हीएफ असतील तर क्यूएमू १०.० पासून त्यांची अवस्था अनेक समांतर वाहिन्यांवरून नेता येते, तेही बघा.

डर्टी पेजच्या हिशेबाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग मायग्रेशन संपतच नाही म्हणून वैतागतात. हिशेब ठेवणाराच नसेल तर कार्डाला दिलेली सगळी मेमरी डर्टी धरावी लागते. ६४ जीबीची व्हीएम १० गिगाबिटवरून थांबवून न्यायची म्हणजे पन्नास सेकंदांहून जास्त शांतता. म्हणूनच क्यूएमू अशा वेळी आपणहून नकार देतं, आणि जबरदस्तीने चालू करण्याचा पर्याय असला तरी त्याला हात लावू नका. हिशेब कार्ड स्वतः ठेवू शकतं किंवा आयओएमएमयू. आयओएमएमयूफडी या कर्नलच्या इंटरफेसमार्गे ती सोय लिनक्स ६.७ पासून आहे, पण त्यासाठी प्रोसेसरही तशा पिढीचा हवा. इथे ह्यूज, म्हणजे मोठ्या आकाराच्या, पेजचा मुद्दा लक्षात ठेवा. आयओएमएमयूच्या टेबलात २ एमबीचं एकच पेज असेल तर त्याला डर्टीचा एकच बिट मिळतो, आणि कार्डाने एक पाकीट लिहिलं तरी ४ केबीची ५१२ पेज पुन्हा पाठवावी लागतात. कार्डाचा स्वतःचा हिशेब बारीक असेल तर तो घ्यावा, असं माझं मत झालं आहे.

व्हीएम पोहोचली, चालू झाली, आणि तरी बाहेरून पिंग लागत नाही, हा प्रसंग तुमच्यावरही येईल. व्हर्टिओच्या बाबतीत मायग्रेशन संपल्यावर नवा पत्ता नेटवर्कला कळवण्याची व्यवस्था क्यूएमू करतं. पासथ्रू कार्डाचा मॅक पत्ता त्याला माहीतच नसतो, त्यामुळे ते गप्प राहतं. स्विचच्या टेबलात तो मॅक अजून जुन्याच पोर्टवर असतो. गेस्टने स्वतःहून एखादं पाकीट बाहेर पाठवलं की सगळं सुरळीत होतं. पण फक्त विनंतीची वाट बघत बसलेला शांत सर्व्हर तसाच अडकून राहू शकतो. आम्ही मायग्रेशन पूर्ण झाल्याचा इव्हेंट पकडून त्या व्हीएमच्या वतीने कुणी न विचारता एआरपी (मॅक पत्ता कळवणारं पाकीट) पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लावली. व्हीएफचा रिप्रेझेंटर (होस्टच्या बाजूचं त्याचं प्रतिनिधी पोर्ट) पलीकडच्या ब्रिजवर आधीच जोडून ठेवतो, नाहीतर सुरुवातीची पाकिटं हवेत जातात.

आता फर्मवेअर. माझी खरी तक्रार इथे आहे. कार्ड जी अवस्था देतं ती क्यूएमूच्या दृष्टीने बंद पेटी असते. ती पलीकडच्या कार्डाला चालेल की नाही हे तिथला ड्रायव्हर आणि फर्मवेअर ठरवतात. दोन्हीकडे एकच आवृत्ती असेल तर प्रश्न येत नाही. पण व्हीएम हलवायची बहुतेकदा होस्ट अद्ययावत करण्यासाठीच, म्हणजे आवृत्त्या वेगळ्या असण्याची वेळ हमखास येणारच. आमच्या एका कार्डावर जुन्याकडून नव्याकडे मायग्रेशन व्यवस्थित झालं, पण नव्याकडून जुन्याकडे परत यायला साफ नकार मिळाला. याचा अर्थ, निम्मे होस्ट बदलल्यावर नव्या फर्मवेअरमध्ये दोष सापडला तर मागे फिरण्याची वाट बंद. विक्रेत्याच्या रिलीज नोट्समध्ये याबद्दल एक ओळही नव्हती. कोणत्या आवृत्तीतून कोणत्या आवृत्तीत जाता येतं याचा तक्ता प्रत्येक कार्डासोबत मिळायला हवा, आणि तो मागणारे ग्राहक वाढले तरच मिळेल. तोवर प्रत्येक फर्मवेअर आल्यावर दोन होस्टवर दोन्ही दिशांनी व्हीएम नेऊन बघायची आणि मगच बाकीच्यांना हात लावायचा, असं आम्ही ठरवलं आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली: नकार आला तेव्हा व्हीएम मेली नाही. पलीकडे अवस्था भरता आली नाही, मायग्रेशन फसलं, आणि मूळ होस्टवर व्हीएम त्याच व्हीएफसह पुढे चालू झाली.

नेटवर्कच्या बाहेर अजून वाट बघावी लागेल. एनव्हीएमई या एसएसडी ड्राइव्हच्या प्रमाणात मायग्रेशनची व्यवस्था २०२४ च्या ऑगस्टमधल्या २.१ आवृत्तीत प्रमाणित झाली, पण जे ड्राइव्ह आज पासथ्रूने लावलेले आहेत त्यांना ती नव्याने शिकवता येत नाही. पोस्ट-कॉपी (व्हीएम आधी पलीकडे चालू करून मेमरी मागाहून आणणं) इथे चालत नाही, कारण डीएमएसाठी मेमरी आधीच जागेवर खिळलेली हवी. गेस्टच्या आत आभासी आयओएमएमयू असेल तर आमच्या क्यूएमूने मायग्रेशनच अडवलं, म्हणून डीपीडीकेच्या व्हीएममधून आम्ही तो काढला.

सध्या आमची विभागणी अशी आहे: भरपूर पाकिटं हाताळणाऱ्या व्हीएमना मायग्रेटेबल व्हीएफ, जुन्या कार्डांच्या होस्टवर फेलओव्हरची जोडी, आणि ज्यांना वेगाची गरज नाही त्यांना साधं व्हर्टिओच. नवीन कार्ड मागवण्याआधी विक्रेत्याकडून दोन नमुने घेतो, एकावर नवं आणि एकावर आधीचं फर्मवेअर टाकतो, आणि पूर्ण भाराखाली व्हीएम जाऊन परत येते का ते बघतो.